गालिच्याखालची तार

मी तार बोलतेय. बोलतेय म्हणजे, आज पहिल्यांदाच स्वतःचं काहीतरी बोलतेय. एरवी माझं काम दुसऱ्यांचं बोलणं पोचवायचं, आणि तेही सात वर्षं मला कुणी करू दिलं नाही. का, ते सांगते. पण आधीच सांगून ठेवते, मी अजून सावरलेले नाही. आठवलं की माझ्या तांब्याला घाम फुटतो.

इंग्लंडातल्या ब्रॅकनशॉ गावच्या सेंट ऑसवल्ड चर्चमध्ये मी राहते. गालिच्याखालून सगळ्या बाकांना एक वेढा घालून मी डावीकडच्या खांबावर चढते आणि तिथून पाद्रीसाहेबांच्या छोट्या खोलीत जाते. खोलीत माझी पेटी आहे. मायक्रोफोनमध्ये बोललेलं या पेटीत येतं, पेटीतून माझ्यात उतरतं आणि मी ते माझ्या वेढ्यात सोडते. चांगल्या कानाला त्यातलं अक्षरही कळत नाही. पण कानात यंत्र घातलेल्या माणसाने यंत्राचं इवलंसं बटण खाली केलं, की आवाज सरळ त्याच्या कानात. मध्ये कुणाचा खोकला नाही, बाकांची करकर नाही, छतात घुमणं नाही.

ब्रॅकनशॉला माझी गरज होतीच. इथल्या म्हाताऱ्या बायकांचे कान गिरणीने खाल्ले. चौदा-पंधराव्या वर्षी मागावर उभ्या राहिल्या, एकेकीकडे चार-चार साचे. त्या खडखडाटात शेजारणीची किंकाळीसुद्धा ऐकू यायची नाही. म्हणून या बायका ओठांनी बोलायला शिकल्या. तोंड मोठं करायचं, एकेक शब्द ओठांनी कोरायचा, आवाज काढायचाच नाही. समोरच्या टोकाची बाई तो अचूक वाचायची. कुणाचं लग्न मोडलं, कोणता मुकादम कुणाकडे बघतो, सगळं खात्याच्या या टोकाहून त्या टोकाला जायचं आणि मुकादमाला पत्ता नसायचा.

विनी ब्रेसवेल त्यांतलीच. ठेंगणी, ताठ, टॅनर स्ट्रीटवरच्या नऊ नंबरच्या घरात एकावन्न वर्षं राहणारी. नवरा त्या घरातच गेला, मुलगा कीथ त्याच घरात वाढला. मला बसवलं तेव्हा फीत विनीबाईनेच कापली. पहिल्या रविवारी तिने बटण खाली केलं, पाद्रीसाहेबांनी प्रार्थना सुरू केली, आणि ही बाई बाकावरून ताडकन उठली.

"अगंबाई! हे तर माझ्या कानात येऊन बोलतायत!"

सगळं चर्च हसलं. तिच्या बाकावर तिच्यासारख्याच आणखी पाचजणी होत्या, त्या हसता हसता डोळे पुसत होत्या. मला काय वाटलं म्हणून सांगू! एवढीशी मी तार, पण त्या दिवशी मला वाटलं, जन्माचं सोनं झालं.

चार रविवार. मोजून चार रविवार चाललं हे सुख.

पाचव्या रविवारी चर्चमध्ये चहाचा नवा बंब आला. विजेवरचा, चकचकीत, साठ कप पाणी उकळणारा. प्रार्थनेनंतरच्या चहाची व्यवस्था थेल्मा ऑर्मरॉडकडे. थेल्मासुद्धा पोरवयात दोन वर्षं मागावर होती. मग गिरणी बंद पडली म्हणून तिचे कान वाचले. बाई कामाला वाघ, पण एकदा हातात काही घेतलं की मागेपुढे बघायची नाही. त्या छोट्या खोलीत पॉइंट दोनच. एकात भिंतीवरच्या कर्ण्यांची पेटी, दुसऱ्यात माझी. थेल्माने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, माझा प्लग धरला आणि खस्सकन ओढला.

"दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे," ती स्वतःशीच म्हणाली.

आणि तो प्लग तसाच राहिला. अहो, सात वर्षं! दहा मिनिटं नव्हेत, दहा दिवस नव्हेत. सात वर्षं माझा प्लग बंबामागे धूळ खात लोंबकळत होता.

तुम्ही म्हणाल, कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? मीही हेच म्हणत होते. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी तर मला खात्री होती, आत्ता कुणीतरी ओरडणार. कर्णे चालू होते, म्हणजे ज्यांना ऐकू येतं त्यांना सगळं नेहमीसारखंच ऐकू येत होतं. मी बंद पडले हे कळणार कुणाला? फक्त त्या सहाजणींना. त्यांनी बटण खाली केलं आणि कानात नुसती शांतता. विनीबाईने यंत्र काढलं, टिचकी मारली, पुन्हा घातलं. शेजारणीनेही तेच केलं, तिच्या पलीकडचीनेही. सहाजणी एका बाकावर बसून आपापल्या कानांना टिचक्या मारतायत, आणि एकीने दुसरीला विचारू नये? प्रत्येकीला वाटलं, गेले, आपलेच कान गेले.

विनीबाई दवाखान्यात जाऊन आली. डॉक्टरने यंत्र तपासलं आणि ठीक असल्याचं सांगितलं. म्हणजे दोष कानाचाच, असा तिने अर्थ लावला. बरं, तोंड उघडून सांगावं की नाही? तर फीत हिनेच कापलेली, सगळ्या गावाने खपून आपल्यासाठी एवढं केलं आणि आपण तक्रार करायची, हे तिच्या जिवाला पटेना. इकडच्या लोकांना कुणाला त्रास देण्यापेक्षा मरण बरं वाटतं. प्रार्थना संपली की दारात पाद्रीसाहेबांचा हात हातात घ्यायचा आणि म्हणायचं, "फार छान झालं हो प्रवचन." देवाच्या दारात उभं राहून दर रविवारी चक्क खोटं! मी खांबावरून ऐकायचे आणि थिजायचे.

त्याहून मोठा धक्का दर शनिवारी बसायचा. बाहेर दाराशी एक निळी पाटी आहे, तिच्यावर कानाचं चित्र. बहिऱ्यांसाठी इथे सोय आहे, असा तिचा अर्थ. ती पाटी दर शनिवारी फडक्याने घासूनपुसून लख्ख करायचं कुणी? थेल्माने. आता काय बोलायचं, तुम्हीच सांगा!

हळूहळू तो बाक रिकामा झाला. दोघी वारल्या. एकीला लेकीने आपल्याकडे नेलं. दोघींनी घरीच टीव्हीवर खालची अक्षरं वाचत प्रार्थना बघायला सुरुवात केली. विनीबाई तेवढी येत राहिली. ओठ वाचायची तिची विद्या इथेही कामी आली असती, पण आमचे पाद्री फेअरक्लॉसाहेब म्हणजे दाढीमिशांचं रान. त्यात मायक्रोफोन अगदी तोंडाला लावायचे आणि मान कागदात. वाचणार काय, दाढी? मग विनीबाई लोक उठले की उठायची, बसले की बसायची. कधी अर्धा क्षण उशीर व्हायचा, कधी सगळे बसल्यावर ही एकटीच उभी.

हे कीथच्या नजरेत आलं. कीथ प्रेस्टनला राहतो, महिन्यातून एकदा आईला चर्चला आणायला येतो. पोरगा वाईट नाही, फक्त ओठ न हलवता पुटपुटत बोलतो. पण आई विचारलं त्याचं उत्तर देत नाही, भलत्या वेळी उठते, नुसती हसून मान हलवते, हे पाहून त्याने मनाशी ठरवून टाकलं, आईचं डोकं चालेनासं झालं. वृद्धाश्रमाचा विषय त्याने एकदा काढला होता. तेव्हा विनीबाई म्हणाली होती, "या घरातून मला न्यायचं असेल तर शवपेटीत घालून ने. माझ्या पायांनी मी जाणार नाही." तेव्हापासून तो तिच्यासमोर काही बोलत नव्हता. दुसऱ्यांसमोर मात्र बोलत होता.

आणि मग आला नोव्हेंबरातला तो रविवार.

युद्धात गेलेल्यांच्या आठवणीचा रविवार. सगळ्यांच्या कोटावर त्यांच्या आठवणीचं कागदी लाल पॉपीचं फूल. आमच्याकडे दाराशी एक दगडी पाटी आहे, तिच्यावर या चर्चमधल्या सतरा पोरांची नावं. त्यांतले दोघे विनीबाईचे सख्खे काका, जेम्स आणि एडविन हॅवर्थ. त्यामुळे नावं वाचायचा मान तिचा. गेली वीस वर्षं पद्धत एकच. अकराच्या आधी सगळे उठतात, विनीबाई नावं वाचते, मग दोन मिनिटं शांतता, मग बिगूल. त्या शांततेत इथे कुणी शिंकतही नाही. तान्ह्या पोरांना आया आधीच बाहेर नेतात.

त्या वर्षी पाद्रीसाहेबांना वाटलं, शांतता बरोब्बर अकराच्या ठोक्याला व्हावी. म्हणून त्यांनी क्रम बदलला. आधी शांतता, मग नावं. तसं त्यांनी मायक्रोफोनवरून सांगितलंही. मान कागदात, तोंड दाढीत आणि माझा प्लग बंबामागे.

अकरा वाजले. सगळे उठले. विनीबाईच्या दृष्टीने तीच तिची खूण. तिने चष्मा सारखा केला, कागद उलगडला आणि सुरू केलं. बहिऱ्या माणसाला आपला आवाज केवढा लागतो ते कळत नाही. तिचा आवाज छतापर्यंत गेला.

"थॉमस ॲस्पिनॉल! विल्यम डकवर्थ!"

माझं काळीजच हललं. सगळ्या माना वळल्या. पुढच्या रांगेतल्या माजी सैनिकांचे चेहरे लालबुंद झाले. पण गंमत अशी, गंमत कसली, कर्मदशा अशी, की तिला थांबवणार कोण? शांतता मोडल्याशिवाय शांतता मोडणारीला थांबवता येत नव्हतं! पाद्रीसाहेब डोळे विस्फारून उभे. थेल्मा तोंडावर हात ठेवून उभी. कीथने आईच्या कोपराला हात लावला. तिला वाटलं, पोरगा धीर देतोय. तिने त्याचा हात थोपटला आणि आणखी मोठ्याने वाचलं. "जेम्स हॅवर्थ! एडविन हॅवर्थ!" सतराच्या सतरा नावं तिने मन लावून वाचली. बरोबर दोन मिनिटं लागली. मग तिने मान वर केली आणि तिला ते चेहरे दिसले.

काय चुकलं ते तिला कळलंच नाही. काहीतरी भयंकर चुकलंय एवढंच कळलं. बिगूल वाजत होता, तोही तिला धड ऐकू येत नव्हता. ती कागदाची घडी घालत बसली. घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मला इतकं वाईट वाटलं, की पेटीत शिरून ओरडावं! पण प्लगशिवाय मी कसली ओरडते?

प्रार्थना संपली. चहा सुरू झाला, आल्याच्या पार्किन केकच्या बशा फिरू लागल्या. विनीबाईजवळ कुणी बसलं नाही. कुणीतरी कप आणून तिच्या हातात ठेवला आणि लगबगीने निघून गेलं. ती पुढच्या बाकावर एकटी. छोट्या खोलीच्या दारात, माझ्या खांबाला लागूनच, कीथ, थेल्मा आणि पाद्रीसाहेब उभे होते.

"बघितलंत ना?" कीथ म्हणाला. "आता तरी पटलं? विलोडीन वृद्धाश्रमात खोली मिळालीये. पुढच्या सोमवारी नेतो तिला."

"आईंना सांगितलंत?" पाद्रीसाहेबांनी विचारलं.

"सांगून उपयोग? तिला कळतंय कुठे काही."

आता थेल्माची एक खोड सांगते. नाजूक काही बोलायचं असलं की ती आवाज खाली आणते आणि तोंड मोठं करते. गिरणीतली सवय. गालावर हात, कुजबुज अगदी बारीक आणि ओठ असे फाकलेले, की जणू दाताच्या डॉक्टरसमोर बसलीये.

"बिचारी विनी," ती तशीच बोलली. "डोकं गेलंच हो तिचं. सोमवारपर्यंत तिला काही सांगूच नका. गाडीत बसवा आणि फिरायला जातोय म्हणा."

"पण ऐकण्यासाठी ती तार आहे ना?" पाद्रीसाहेब दाढी खाजवत म्हणाले. "ती त्या वापरत नाहीत का?"

"तार? कुठली तार?" थेल्मा आणखी मोठं तोंड करून म्हणाली. "अहो साहेब, बंब आला त्या दिवसापासून तिचा प्लग काढलेलाच आहे. सात वर्षं झाली. पॉइंट दोनच, मी तरी काय करू? आणि कुणाची एक तक्रार नाही!"

ऐकलंत? सगळं माहीत होतं तिला! मी तर समजत होते, ती विसरली. पाद्रीसाहेबांनी काय करावं? "असं का," म्हणाले आणि चहाचा घोट घेतला. मला वाटलं, आता खांबावरून सुटून यांच्या पायांत अडकावं.

इतक्यात कप बशीवर आपटल्याचा आवाज आला.

"थेल्मा!" विनीबाई उभी होती. "पुन्हा बोल."

थेल्माचा चेहरा पांढराफटक.

"का... काय गं विनी? कुठे काय?"

"बिचारी विनी. डोकं गेलंच हो तिचं. गाडीत बसवा आणि फिरायला जातोय म्हणा," विनीबाईने शब्दन् शब्द म्हणून दाखवला. "तार? कुठली तार? बंब आला त्या दिवसापासून तिचा प्लग काढलेलाच आहे. सात वर्षं झाली. असंच ना?"

"तुला ऐकू आलं?"

"ऐकू कसलं येतंय, डोंबल! दिसलं. तोंड आहे का गिरणीचा दरवाजा? चाळीस साच्यांपलीकडचं वाचत होते मी, तू तर वीस पावलांवर उभी आहेस."

ती चालत आली. कीथ "आई, ऐक ना" म्हणाला, तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. खोलीत शिरली, बंबाचा प्लग काढला आणि गुडघे टेकून मागे हात घातला. माझा प्लग तिच्या हाती लागला तेव्हा त्याच्यावर बोटभर धूळ होती. तिने तो कोटाच्या बाहीने पुसला.

"अगं, चहा गार होईल," मागून कुणीतरी म्हणालं. शपथेवर सांगते, खरंच म्हणालं!

प्लग आत गेला. सात वर्षांनी माझ्यातून वीज धावली. विनीबाई बाकावर जाऊन बसली आणि तिने कानाचं बटण खाली केलं.

"बोला, पाद्रीसाहेब."

पाद्रीसाहेब मायक्रोफोनपाशी गेले. इतकं गोंधळलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "काय बोलू?" ते पुटपुटले.

विनीबाईने डोळे मिटले. ते दोन शब्द तिच्या कानात पोचले हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मग म्हणाली, "आज आम्ही उठण्याआधी काय सांगितलंत, तेच सांगा."

"मी सांगितलं, की यंदा शांतता आधी," पाद्रीसाहेबांचा आवाज चिरकला, "आणि नावं नंतर."

"आधी शांतता, मग नावं," विनीबाई हळूच म्हणाली. मग सगळ्यांकडे वळली. "मला कुणी सांगितलंच नव्हतं हो. मी त्यांच्या शांततेत मुद्दाम बोलेन का? माझे काका आहेत त्यात."

त्या माजी सैनिकांपैकी एकाने खाली मान घातली. थेल्मा ओक्साबोक्शी रडत होती, आणि खरं सांगते, मला तिची दया आली नाही.

"कीथ," विनीबाई म्हणाली. "आता तू. जा तिथे. पाद्रीसाहेबांना माझ्याबद्दल जे सांगत होतास, ते मला सांग. माझ्या तोंडावर."

कीथ मायक्रोफोनसमोर जाऊन उभा राहिला. पन्नाशीचा माणूस, खांदे पाडून. त्याने तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. कर्ण्यातून लोकांना काहीच ऐकू आलं नाही. लोकांना वाटलं, तो गप्प आहे. पण माझ्यातून तर काहीतरी जात होतं, बारीक, तुटक. ते फक्त तिलाच ऐकू येत होतं.

"कीथ," ती म्हणाली, "नाक चोंदलंय तुझं. सर्दी झालीये का?"

"नाही गं आई," तो म्हणाला.

मग तिच्याही लक्षात आलं. ती उठली, त्याच्यापाशी गेली आणि सगळ्यांसमोर आपल्या रुमालाने त्याचे डोळे पुसले. विलोडीनला त्याने तिथूनच फोन केला. खोली नको म्हणून सांगितलं.

विनीबाई अजून नऊ नंबरच्या घरातच आहे. मी रोज चालू असते. त्या दोघी टीव्हीवाल्यांनाही तिने ओढून आणलंय. बंब आता बाहेरच्या दालनात असतो. पण गालिच्याखाली पडल्या पडल्या मी अजून त्या दोघींचा विचार करते, ज्या मधल्या वर्षांत वारल्या. कान गेले असं समजून गेल्या त्या. त्यांना आता कुणी सांगायचं?

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते. माझ्यासारख्या तारा खूप ठिकाणी आहेत, आणि त्यांच्या दारांवर चकचकीत पाट्याही आहेत. मी चालू आहे की बंद, हे चांगल्या कानाच्या माणसाला जन्मात कळणार नाही. ज्याला ऐकू येत नाही त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि त्यालाच विचारा. तो संकोचाने हसला, तर तिथून उठू नका. पुन्हा विचारा.